‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहू नका

पत्राचा सारांश: मेळघाटातील एका उपकेंद्रात चार वर्षे कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या एका भगिनीचे हे पत्र आहे. त्या एकोणतीस वर्षांच्या असून बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आहेत. पती चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि अडीच वर्षांची मुलगी तिथेच सासूबाईंजवळ राहते. मायलेकींची भेट महिना-दीड महिन्यातून एकदा होते. उपकेंद्राच्या निवासस्थानाचे छत गळते, मानधन दोन-दोन महिने उशिरा येते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दारू प्यालेला माणूस बराच वेळ दार ठोठावत राहिला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगितले, तेव्हा ‘अशा भागात हे चालायचेच’ असे उत्तर मिळाले. आता पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने नोकरी देऊ केली आहे आणि महिन्याभरात होकार कळवायचा आहे. पती राजीनामा द्यायला सांगतात. एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘तुमच्या पिढीत सेवाभावच उरला नाही’ असे सुनावले. गावातील आशाताई एवढेच म्हणाल्या, ‘तुम्हीही जाणार, हे आम्हाला ठाऊकच होते.’ त्यांच्याआधी या जागेवरून दोघे जण वर्षभरातच सोडून गेले होते. त्या विचारतात, ‘मी पळपुटी आहे का? आणि राजीनामा देऊ की थांबू?’

प्रिय भगिनी,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. मला मात्र ते दोन प्रश्न आधी एकमेकांपासून सोडवून घ्यावेसे वाटतात. ‘मी पळपुटी आहे का’ हा प्रश्न मनात ठेवून घेतलेला कोणताही निर्णय चुकण्याचीच शक्यता अधिक असते. तुम्ही थांबलात तर स्वतःला काही तरी सिद्ध करून दाखवण्यासाठी थांबाल, आणि गेलात तर त्या शब्दाचे ओझे पुण्यापर्यंत वाहून न्याल. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते. नाही, तुम्ही पळपुट्या नाही. हे तुमचे मन राखण्यासाठी म्हणत नाही. तुमच्याच पत्रातील एका वाक्याच्या आधाराने म्हणते आहे. तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात की, ज्या पाड्यावर पहिल्या वर्षी बायका तुम्हाला पाहून दार लोटून घेत असत, तिथून आता लेकरू तापले की भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, नेण्याआधी, निदान त्याच्या बरोबरीने तरी, तुमच्याकडे निरोप येतो. कोरकू भाषा कामापुरती शिकून घेऊन, उन्हाळ्यात कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली की त्यांच्या घरी जाऊन बाळांची वजने करून, चार वर्षांत जो विश्वास तुम्ही मिळवला, तो सेवाभावाशिवाय मिळाला असेल काय?

त्या निवृत्त सहकाऱ्यांविषयी मला राग नाही. त्यांनीही आपल्या काळात बरेच सोसले असणार, आणि सोसलेल्या माणसाला पुढच्याने न सोसणे अनेकदा खटकते. पण ‘सेवाभाव’ हा शब्द आपल्याकडे ज्या पद्धतीने वापरला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. कोणी गाव सोडले की त्याच्या सेवाभावाची तपासणी होते; त्या गावातील निवासस्थानाची, रस्त्याची, मानधनाच्या तारखेची आणि वरिष्ठांच्या वागण्याची तपासणी होत नाही. एकाच जागेवरून ओळीने तीन माणसे गेली, तर तिघांच्याही स्वभावात दोष होता असे मानण्यापेक्षा त्या जागेकडे नीट पाहणे अधिक शहाणपणाचे नाही का?

अशा वेळी आपल्याला हमखास मोठी उदाहरणे दिली जातात. १९७० मध्ये जामखेडला गेलेले आरोळे दांपत्य, १९७३ पासून हेमलकशात काम उभे करणारे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन करणारे अभय आणि राणी बंग, आणि तुमच्याच मेळघाटात बैरागडला राहिलेले रवींद्र आणि स्मिता कोल्हे. दुर्गम भागांत आरोग्यसेवा उभी करणाऱ्या या सगळ्या डॉक्टरांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नावाचा उपयोग एखाद्या एकट्या कंत्राटी परिचारिकेला लाज वाटावी म्हणून केला जातो, तेव्हा मला वाईट वाटते. ही चारही उदाहरणे पती-पत्नींची आहेत, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते एकटे नव्हते. शिवाय कामाची जागा त्यांनी स्वतः निवडली होती, काम कसे करायचे हे त्यांचे ते ठरवत होते, आणि उद्या करार वाढेल की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. त्यांचा त्याग मोठा होताच. पण टिकून राहण्यासाठी माणसाला सोबत लागते आणि आपल्या कामावर आपला काही अधिकार लागतो, हेही त्यांच्याच आयुष्यांवरून दिसते. तुमच्याकडे या दोन्हींपैकी काय आहे, हे पाहिल्याशिवाय तुमची त्यांच्याशी तुलना करणे न्यायाचे नाही.

माझी एक मावशी सह्याद्रीच्या कुशीतील एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. तिथे ती एकोणीस वर्षे राहिली आणि निवृत्तीच्या वेळी तिच्या त्यागाची भाषणे झाली. घरी आल्यावर ती मला म्हणाली की, पहिल्या दोन वर्षांत तिने दोनदा बदलीचा अर्ज केला होता. मग ती राहिली कशी? गावातील पोस्टमास्तरांच्या घराला लागून एक खोली मिळाली, त्यामुळे रात्रीची भीती गेली. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक अनुभवी आरोग्य सहाय्यिका दर महिन्याला न चुकता यायच्या. त्या नोंदवह्या तपासायच्या, पण त्याआधी चहा घेत तास-दीड तास बसून, गेल्या महिन्यात कोणते बाळंतपण अवघड गेले, काय चुकले, पुढच्या वेळी काय करायचे, हे सगळे विचारायच्या. ‘त्या बाई बदलून गेल्या असत्या तर मीही गेले असते,’ असे मावशी म्हणाली. भाषणांमध्ये पोस्टमास्तरांची खोलीही आली नाही आणि त्या सहाय्यिकाबाईही आल्या नाहीत.

मावशीने जे सांगितले, त्याच दिशेने जाणारी मांडणी जागतिक आरोग्य संघटनेनेही केली आहे. दुर्गम आणि ग्रामीण भागांत आरोग्य कर्मचारी कसे टिकतील, यावर तिने २०१० मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारून पुन्हा मांडल्या. जगाची सुमारे निम्मी लोकसंख्या ग्रामीण भागात राहते, पण परिचारिकांपैकी ३८ टक्के आणि डॉक्टरांपैकी २५ टक्क्यांहूनही कमी तिथे काम करतात, असे २०१० मध्ये तिने नमूद केले होते. तेव्हा हा प्रश्न मेळघाटाचा किंवा तुमच्या पिढीचा नाही. त्या शिफारशींमध्ये पैशाचा मुद्दा आहेच, पण तो अनेकांपैकी एक आहे. त्याच्या जोडीने ग्रामीण भागातील मुलामुलींना शिक्षणात प्रवेश देणे, राहण्याची बरी व्यवस्था, सुरक्षित वातावरण, वरिष्ठांचा आधार, पुढे जाण्याची वाट आणि कामाची कदर, हे सारे मुद्दे येतात. यातील एकच गोष्ट देऊन बाकीच्या सोडून दिल्या तर माणूस टिकत नाही.

आता तुमच्या कारणांकडे वळू. तुम्ही ती सगळी एका दमात लिहिली आहेत, त्यामुळे त्यांचा एकच मोठा डोंगर झाला आहे. ती सुटी करून पाहा, कारण काही कारणे गाव सोडूनच सुटतील, काही गाव न सोडताही सुटू शकतील आणि काही तर पुण्याला गेल्यावरही तुमच्या सोबत येतील.

सर्वांत आधी ती दार ठोठावण्याची रात्र. तिचा उल्लेख तुम्ही गळक्या छताच्या ओळीतच केला आहे, जणू दोन्ही गैरसोयी एकाच जातीच्या आहेत. तशा त्या नाहीत. निवासस्थानात एकटी असताना एका कर्मचारी स्त्रीला रात्रभर जीव मुठीत धरून बसावे लागणे ही सुरक्षेची गंभीर घटना आहे, आणि तिला ‘चालायचेच’ असे उत्तर देणाऱ्या वरिष्ठांची चूक झाली आहे. मला तर असे वाटते की, तुमच्या मनातून हे गाव त्या रात्री सुटले नाही. दुसऱ्या दिवशी ते उत्तर ऐकल्यावर सुटले. माझे चुकत असेल तर तसे मला कळवा. ही घटना तारीख-वेळेसह लेखी कळवा, आज कळवली तरी चालेल. अर्ज वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्या नावे द्या, प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच घ्या. पोलीस पाटलांनाही सांगा. तशीच वेळ पुन्हा आली तर ११२ क्रमांक आहे; पण तुमच्या भागात पावसाळ्यात फोनचा भरवसा नसतो, म्हणून शेजारचे कोणते घर हाक मारल्यावर येईल, हे आधीच ठरवून ठेवा. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर होणाऱ्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि तो उपकेंद्रातील परिचारिकेलाही लागू होतो. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे किंवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तुम्ही कंत्राटी आहात म्हणून यातील कोणतेही संरक्षण कमी होत नाही.

घराविषयी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असा दर्जा मिळालेल्या उपकेंद्रासाठी जी जन आरोग्य समिती असते, तिचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सदस्य सचिव तुम्ही स्वतः असता. उपकेंद्राच्या अबंधित निधीचा, म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या पैशाचा, विनियोग या समितीत ठरतो. तो निधी मोठा नाही आणि त्यातून नवे निवासस्थान उभे राहणार नाही. पण दाराला भक्कम कडी, खिडकीला जाळी, बाहेर सौर दिवा आणि छतावर पत्रा यांचा विचार त्यात होऊ शकतो. तुमचा भाग पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात, येत असल्याने ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधीही थेट मिळतो आणि आरोग्य हा त्याच्या वापराच्या विषयांपैकी एक आहे. आपल्या राहण्याच्या सोयीसाठी बोलणे तुम्हाला संकोचाचे वाटत असेल. परंतु ग्रामसभेत ‘मला घर हवे’ असे म्हणण्याऐवजी ‘रात्री-अपरात्री इथे परिचारिका असावी असे गावाला वाटत असेल, तर तिला राहता येईल अशी जागा हवी’ असे मांडले, तर ती मागणी गावाचीच होते. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याची सक्ती करणाऱ्यांनी आधी राहण्याजोगे घर दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उशिरा येणाऱ्या मानधनावर मात्र एकट्याने करण्याजोगे फारसे काही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील तुमच्यासारख्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायम सेवेत समायोजनासाठी राज्यभर संप केला, आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्यांच्या समायोजनाचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. संघटनेशी जोडलेल्या राहा. पण तुमची चारच वर्षे झाली आहेत, तेव्हा केवळ कायम होण्याच्या आशेवर आणखी सहा वर्षे काढण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

आता तुमच्या मुलीविषयी. इथे मी तुम्हाला कोणतीही तरतूद किंवा निधी सुचवू शकत नाही. अडीच वर्षांचे मूल आईपासून शेकडो किलोमीटर दूर असताना, दुसऱ्यांच्या बाळांची वजने करत फिरणाऱ्या आईला काय वाटत असेल, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. पण त्या संपूर्ण परिच्छेदात तुम्ही मुलीचा उल्लेख ‘ती’ असाच केला आहे आणि पुढच्याच वाक्यात विषय बदलला आहे, एवढ्यावरून मला बरेच कळले. हे एक कारण इतर सगळी कारणे मिटली तरी उरते. मुलीजवळ राहावेसे वाटणे हे नोकरी बदलण्याचे पुरेसे आणि सन्मानाचे कारण आहे. त्याला जोड म्हणून गळके छत आणि रखडलेले मानधन पुढे करण्याची गरज नाही.

मात्र मुलीजवळ राहण्यासाठी पुण्याचे खासगी रुग्णालय हाच एक मार्ग आहे, हे तुम्ही इतके गृहीत धरले आहे की तुमचा प्रश्न ‘मेळघाट की रुग्णालय’ असा दोनच पर्यायांचा झाला आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याचा पश्चिम भाग भीमाशंकरच्या डोंगरांत आहे. तिथेही आदिवासी पाडे आहेत, उपकेंद्रे आहेत आणि गावात राहायला तयार असलेल्या परिचारिकेची गरज आहे. आंबेगाव, जुन्नर आणि मावळ हे तालुकेही दूर नाहीत. कंत्राटी पदावरून दुसऱ्या जिल्ह्यात बदली सहजी मिळत नाही. परंतु पुणे जिल्हा परिषदेच्या भरतीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवून नव्याने अर्ज करता येतो आणि चार वर्षांच्या दुर्गम भागातील अनुभवाचे प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडू शकते. गाव सोडणे आणि गावातील काम सोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुमच्या पत्रावरून मला वाटते की तुम्हाला पहिली हवी आहे. दुसरी हवी आहे की नाही, हे तुम्ही स्वतःला अजून विचारलेले नाही.

हा प्रश्न विचारताना रुग्णालयातील कामाचे चित्रही स्पष्ट डोळ्यांसमोर आणा. सध्या उपकेंद्रात तुम्ही रुग्ण तपासता, रक्तदाब आणि साखरेच्या रुग्णांची औषधे चालू ठेवता, अडले तर ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेवरून डॉक्टरांशी बोलता आणि कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवता. रुग्णालयात तुम्ही एका विभागातील परिचारिकांपैकी एक असाल आणि निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्याचे असतील. काहींना त्याने हायसे वाटते, काहींची घुसमट होते. होकार देण्याआधी लेखी विचारा: एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, महिन्यात किती रात्रपाळ्या लागतात, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, मूल आजारी पडले तर रजा मिळते का? रात्रपाळ्या जास्त असतील, तर मुलगी त्याच घरात असूनही ती जागी असताना तुमची भेट होणार नाही, आणि मग ज्यासाठी हे सारे केले तेच हाती लागणार नाही.

आशाताईंच्या वाक्याने तुम्ही दुखावल्या गेला आहात. तुम्ही त्यात आरोप ऐकलात. मला त्यात आरोपापेक्षा थकवा अधिक ऐकू येतो. आशाताई त्याच गावच्या आहेत आणि त्यांना जाता येत नाही. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पाड्यांचे रस्ते त्याच दाखवतात, कोणत्या घरात कोणाशी कसे बोलायचे हे त्याच शिकवतात, आणि तो माणूस तयार झाला की निघून जातो. तुमच्या जाण्याची काही किंमत गावाला मोजावी लागेल, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढलेली बाई नव्या परिचारिकेसमोर लगेच तोंड उघडत नाही. क्षयरोगाचा रुग्ण जुन्या सिस्टर गेल्या की गोळ्या बंद करू शकतो. ही किंमत आहे, आणि तरीही ती एकट्या तुमच्या माथी मारता येणार नाही. आदिवासी भागात एका उपकेंद्राने तीन हजार लोकसंख्या सांभाळावी असा निकष आहे. एवढ्या लोकांचे आरोग्य एका माणसाच्या तिथे असण्या-नसण्यावर लटकत असेल, तर त्या रचनेची जबाबदारी ती रचना करणाऱ्यांवर आहे.

मग काय करावे? तुमच्या हाताशी एक महिना आहे. पहिल्या आठवड्यात सुरक्षेचा आणि निवासाचा लेखी अर्ज द्या आणि जन आरोग्य समितीची बैठक बोलवा. त्याच अर्जात, मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाडा-अचलपूरच्या बाजूला एखादे उपकेंद्र रिकामे असेल तर तिथे बदली मिळावी, अशी विनंती करा. तिथे मुलीला आणि सासूबाईंना काही काळ आणता येईल का, हे पतीशी बोला. पतीशी बोलताना ‘राजीनामा देऊ का’ असे विचारू नका. ‘आपण तिघे एकत्र कसे राहू’ असे विचारा. कदाचित जागा बदलण्याची तयारी त्यांचीही असेल, पण हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारलेलाच नसेल. बायकोने नवऱ्याच्या नोकरीच्या गावी जावे हे आपण इतके स्वाभाविक मानतो की उलट शक्यता बोलूनसुद्धा दाखवत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत अर्जाला काय उत्तर येते ते पाहा. उत्तर आले, कोणी प्रत्यक्ष येऊन निवासस्थान पाहिले, तर भीमाशंकरच्या बाजूची किंवा तशी एखादी जागा मिळेपर्यंत ठरावीक मुदत, समजा सहा महिने, थांबण्याचा विचार करता येईल. उत्तरच आले नाही, तर माझे मत स्पष्ट आहे: पुण्याची नोकरी स्वीकारा. तुमची सुरक्षा ज्यांना विचारात घेण्याजोगी वाटत नाही, त्यांच्या भरवशावर आणखी एक पावसाळा एकटीने काढू नका.

आणि राजीनामा द्यायची वेळ आली, तर एका गोष्टीबद्दल माझी तुम्हाला आग्रहाची विनंती आहे. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहू नका. बहुतेक सगळे तेच लिहितात, कारण अनुभवाचे प्रमाणपत्र अडेल, थकलेला मोबदला अडेल अशी भीती असते, आणि ती भीती खोटी नसते. पण त्यामुळे होते असे की, एकाच जागेवरून तीन माणसे गेली तरी कागदावर तीन घरगुती अडचणी तेवढ्या उरतात. घर गळत होते, दार असुरक्षित होते, मानधन वेळेवर येत नव्हते, यातील एकही गोष्ट नोंदवली जात नाही आणि चौथे माणूस त्याच घरात राहायला येते. तुमच्या बाबतीत मुलगी हे वैयक्तिक कारण खरेच आहे, ते लिहा. बाकीची कारणेही शांत शब्दांत, तारखांसह, कोणावर व्यक्तिगत शेरा न मारता लिहा. भीती वाटत असेल तर देणी चुकती होऊन अनुभवाचे प्रमाणपत्र हाती आल्यावर वेगळे पत्र पाठवा, पण पाठवा. कराराप्रमाणे किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि बंधपत्राची काही मुदत उरली आहे का, हे मात्र सर्वांत आधी तपासा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही थोडे लिहिते. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन बंधपत्राचे एक वर्ष गावात काढणाऱ्या डॉक्टरांची पत्रेही माझ्याकडे येतात. त्यांतले बरेच जण ते वर्ष कसेबसे संपवण्याच्या मनःस्थितीत असतात, कारण डोळ्यांसमोर पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा असते. त्यांना दोष देण्यापेक्षा, गावातील सेवा हीच पुढच्या शिक्षणाची वाट कशी होईल, हे पाहणे अधिक फळाला येते. सेवेत असलेल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर पदवीच्या जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मान्य केला आहे. छत्तीसगडने ‘रूरल मेडिकल कोअर’ योजनेत आरोग्य केंद्रांची त्यांच्या दुर्गमतेनुसार वर्गवारी केली आणि जागा जितकी अवघड तितका जादा भत्ता ठेवला. अवघड जागा अवघड आहे, हे आधी कागदावर मान्य करणे मला त्यात महत्त्वाचे वाटते. परिचारिकांसाठी, आरोग्यसेविकांसाठी अशी पुढे जाण्याची वाट आपल्याकडे फारच अरुंद आहे. हे सदर वाचणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांना माझे सांगणे आहे की, बांधकाम आणि मानधन तुमच्या हातात नसेल, पण महिन्यातून एकदा उपकेंद्रात जाऊन, पोर्टलवरची माहिती का भरली नाही हे विचारण्याआधी ‘कशा आहात, काय अडले’ हे विचारणे तुमच्याच हातात आहे.

शेवटी, तुम्ही जाणारच असाल तर आजपासून एक साधी वही करा. नोंदवह्या आणि पोर्टल पुढच्या माणसाला मिळतीलच. जे त्यांत लिहिलेले नसते ते या वहीत लिहा. जोखमीच्या गरोदर माता कोणत्या आणि त्यांच्या घरात निर्णय कोण घेते, तीव्र कुपोषित बाळे कोणत्या पाड्यावर आहेत आणि त्यांची कुटुंबे कोणत्या महिन्यात कामाला बाहेर जातात, क्षयरोगाचे आणि सिकलसेलचे रुग्ण कोण, पावसात कोणता नाला आधी चढतो, कोणता भुमका निरोप पाठवतो आणि कोणता पाठवत नाही. शक्य झाले तर नव्या व्यक्तीबरोबर दोन दिवस पाड्यांवर फिरा. ती नेमलीच गेली नसेल तर आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना बरोबर घ्या. तुम्ही जाणार आहात हे आशाताईंना कार्यालयातून कळू देऊ नका. राजीनामा देण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन तुम्ही स्वतः सांगा, आणि मुलीचे कारणही सांगा. त्या स्वतः आई असतील तर समजून घेतील. नाही घेतले तरी ती वही त्यांच्या हातात द्या.